अंजनवाडीची लस

ता. ६ जानेवारी १८९६, सोमवार. आजरा.

अंजनवाडीत देवी आल्या!

पिराजी धनगराकडून बाजारात कळलं. तो डोंगरावरून तूप विकायला उतरतो. मला बघून बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "वाडीत बया आलीया. धोंडुबाईच्या पोराच्या अंगावर उठल्यात. तुमच्या सासऱ्याच्या भिंतीला भिंत लागून घर हाय तिचं." मी त्याचा हातच धरला. माझी पोरगी? "बरी हाय की अजून."

ह्या 'अजून'ने दिवसभर काही सुचू दिलं नाही.

चन्नम्मा बाळंतपणाला माहेरी गेली ती अद्याप तिथंच आहे. नीलव्वा आत्ता कुठं मान धरायला लागली. मी सरकारी देवी टोचणारा. अख्ख्या मुलखातली पोरं धरून धरून टोचतो, त्यांच्या आयांच्या शिव्या खातो, आणि माझ्याच पोरीचा दंड कोरा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बारशाला गेलो तेव्हा टोचायचं नस्तर बरोबर नेलं होतं. पण सासरे शंकरप्पा – त्यांना मी मावा म्हणतो, म्हणजे म्हणावं लागतं – दारात आडवे झाले. "वासराच्या अंगातला पू माझ्या नातीच्या अंगात? आमी लिंगायत हाय, जावई. तुमची सरकारी इद्या तुमच्या आजऱ्यात ठेवा." मी पण लिंगायतच की! पण नाही. हिरड्याचा व्यापार करून करून माणूस हिरड्यासारखा तुरट झालाय. मंडळी पंगतीला बसली होती, म्हणून मी गप्प राहिलो.

आज भेटले असते तर गप्प राहिलो नसतो.

ता. ७, मंगळवार.

सरकारातून आलेल्या काचेच्या नळ्यांतली लस मेलेली निघाली. पेठेतल्या कितीतरी पोरांना टोचलं, आज घरोघर फिरून दंड पाहिले. कुठं काही नाही. एका पोराला सोडून. ताजबी पिंजारणीचा ख्वाजा! त्याच्या डाव्या दंडावर दोन फोड असे टपोरे धरलेत की बघत राहावं.

गुरुवारी त्याच्या टोचणीचा आठवा दिवस. आठव्या दिवशी फोड पाण्यानं भरतो. ते पाणी नस्तराच्या टोकावर घेऊन दुसऱ्या पोराच्या दंडात घातलं की तिथं धरतं. ही जुनी रीत. वासराची लस आली तशी मागं पडली, पण मी शिकलो तो ह्याच रीतीनं. गुरुवार-शुक्रवार टळला की पाणी गढूळ होणार, मग काही उपयोग नाही.

नळीत भरून नेऊ? नको. नळ्यांनी एकदा तोंडघशी पाडलंय. लस न्यायची तर ख्वाजालाच न्यायला हवं, आणि ख्वाजा न्यायचा तर ताजबी हवी. गाडीरस्त्यानं मोठा फेरा पडतो, वेळेत पोचणं नाही. रानातल्या वाटेनं डोंगर ओलांडला तरच. पिराजी वाट दाखवायला तयार आहे. "बाईमानूस बरोबर म्हंजी दम धरून चालावं लागंल," एवढंच म्हणाला.

दिवेलागणीला ताजबीकडं गेलो. तिचा नवरा गैबी गाद्यांचा कापूस पिंजायला कुरुंदवाडकडं गेलाय. थंडीतच त्यांचा धंदा. मी बोलायला सुरुवात केली आणि चुलीपाशी बसलेली सासू उसळली. "पोराला बयेच्या तोंडात नेतो म्हनतोय! हाकल ह्याला!" ताजबी ख्वाजाला मांडीवर घेऊन बसलेली. मग एकदम म्हणाली, "ह्याला आता बया येनार न्हाय म्हनताय. खरं?"

खरं, म्हटलं.

"माझी पैली पोरगी बयेनं नेली. तवा कुठं हुता तुमी?"

तेव्हा मी कोडोलीकडं नेमणुकीवर होतो. पण हे काय सांगण्यासारखं उत्तर आहे? ती म्हणाली, "तांबडं फुटायला येते. पर ज्या घरात बया असंल त्या घराचा उंबरा माझं पोरगं वलांडनार न्हाय." कबूल केलं. सासू भांडी आपटत होती.

येईल ना?

ता. ८, बुधवार. सकाळ, ओढ्यापाशी.

आली! सासूचा डोळा चुकवून आली असावी, विचारलं नाही.

पिराजी पाणी भरून घेतोय तोवर दोन ओळी. हीव सणसणून पडलंय. बोटं वळत नाहीत.

ता. ८, संध्याकाळ. धनगरवाडा.

पोचलो. फोड शाबूत आहेत. हे आधी लिहितो.

थंडी आहे म्हणून पोराला गुंडाळावं तर कापड फोडाला चिकटतं. कापड काढलं की फोड फुटणार, आणि फुटला की सगळं संपलं. म्हणून ख्वाजाचा डावा दंड उघडा ठेवावा लागला. बाकी पोर घोंगड्यात, तेवढा एक हात बाहेर. फोडावर पळसाच्या पानाचा द्रोण पालथा घालून वरून सैल सुतळी बांधली. घासायला नको, दबायला नको. पुढं पिराजी, मागं झोळीत पोर घेऊन ताजबी, तिच्या मागं मी. दिवसभर मी डोंगर पाहिला नाही, रान पाहिलं नाही. पाहिला तो द्रोण.

वाट म्हणजे नावाला वाट. पूर्वी कोकणातलं मीठ ह्या वाटेनं यायचं म्हणे. घाटरस्ता झाल्यापासून कुणी फिरकत नाही, कारवीनं दोन्ही बाजूंनी गिळून टाकलीय. सूर्य डोक्यावर आला तरी खाली अंधारच. झाडांवरून दव टपटपत होतं, जसा काही पाऊस. आणि शांतता! आपल्याच पायाखालचा पाचोळा वाजला तरी दचकायला होतं. पिराजीनं आधीच बजावलं होतं, रानात नाव घेऊन हाक मारायची नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण हाक मारली नाही.

चढ संपतो तिथं पिराजी थांबला. हात मागं करून आम्हाला थोपवलं. वाटेच्या मधोमध गवा! एकटा. खांद्यापर्यंत कारवीत बुडालेला, नाकपुड्यांतून वाफ निघतेय. आमच्याकडंच बघत होता. पिराजी ओठ न हलवता म्हणाला, "हलू नगा."

आणि ख्वाजा जागा झाला. रडला नाही. घोंगड्यातून उजवा हात काढला आणि द्रोणाकडं नेला. फोडाला खाज सुटते ह्या दिवसांत. चिमुकली बोटं सुतळीत अडकली, ओढायला लागली. द्रोण सरकला. मी हात पुढं करावा तर गव्यानं मान वर केलेली. तो गवा अंगावर आला असता तर परवडला असता, असंही मनात आलं, देवाशप्पथ! ताजबीनं मान हलवली नाही, फक्त आपलं एक बोट हळूहळू वर नेलं आणि पोराच्या मुठीत दिलं. त्यानं ते धरलं, तोंडात घातलं. किती वेळ उभे होतो कोण जाणे. मग गवा वळला, आणि एवढं मोठं धूड कारवीत शिरलं तरी फारसा आवाज झाला नाही.

पिराजी खाली बसला. "एकटा नर लई वंगाळ," म्हणाला.

मी धावत जाऊन द्रोण उचलून पाहिला. शाबूत! पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला. ताजबी बघत होती. म्हणाली, "तुमाला नुसता हात दिसतोय. त्येला पोटबी हाय. सकाळपास्नं भुकेलंय ते." मी तोंड फिरवून बसलो, तिनं पोराला पाजलं.

आता धनगरवाड्यावर, पिराजीच्या शेकोटीपाशी आहोत. ख्वाजाचा उघडा हात गारठून निळसर झाला होता. मीच चोळला, फोड टाळून. त्यानं माझी मिशी ओढली. उद्या दुपारपर्यंत वाडी, असं पिराजी म्हणतो.

पिराजीच्या बायकोनं आणखी एक बातमी दिली. वाडीची शीव काट्यांनी बंद केलीय. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही. आणि शंकरप्पांनी सांगून ठेवलंय म्हणे, जावई आला तर एकट्यानं यायचं, ती टोचायची सरकारी पेटी बाहेर ठेवून.

पेटी बाहेर! आणि मी वासराच्या लशीऐवजी पिंजाऱ्याच्या पोराच्या दंडातली लस घेऊन चाललोय. वासराला नाही म्हणाले ते ह्याला हो म्हणतील? त्यांनी नकाराची मान हलवली की सगळी वाडी हलवणार. काय करू?

ता. ९, गुरुवार. अंजनवाडी.

झालं. टोचलं. कसं झालं ते आजच लिहून टाकतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी धुकं इतकं की पिराजीची पाठ दिसेना. उतारावर वाट अरुंद होते, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. तिथं पिराजी जागच्या जागी गोठला. वाटेत परडी! वेताची परडी, तिच्यात हिरवा खण, बांगड्या, लिंबं, भाताचा मुटका, विझलेला दिवा. वाडीनं बयेची ओटी भरून तिला शिवेबाहेर काढलेली. ती परडी जो ओलांडतो त्याच्या मागं बया त्याच्या घरी जाते, असं सगळा मुलूख मानतो. बाजूनं जावं तर पाऊल ठेवायला जागा नाही.

पिराजी म्हणाला, "माझ्या घरात चार ल्येकरं हायती, डाक्टर. मी न्हाय वलांडनार. कायबी करा."

मी भडकलो. अडाण्यांचा बाजार, म्हणालो. लिंबाला आणि खणाला भिऊन पोरं मारता, म्हणालो. आणखीही बोललो. रानात माझाच आवाज घुमून परत आला.

ताजबी शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "तुमी भीत न्हाय न्हवं? मग तुमी आधी वलांडा. तुमच्या पोरीचं नाव घिऊन वलांडा. मग मी येते."

त्यात काय, म्हटलं. पुढं झालो. "नीलव्वा," म्हणालो. आणि पाय उचलेना!

खोटं कशाला लिहू, इथं कोण वाचणार आहे? पाय उचलेना. सगळी पुस्तकं वाचलीत, हजारो दंड टोचलेत, आणि पाय दगडाचा झाला. डोळ्यांपुढं भिंत आली, धोंडुबाईची आणि आमची एकच भिंत. मागं ताजबी उभी, तिच्या कडेवर पोर. मी नाही ओलांडली तर ती का ओलांडेल? डोळे मिटले, पुन्हा नाव घेतलं, आणि टाकला पाय. पलीकडं जाऊन कड्याला धरून उभा राहिलो.

ताजबीनं माझ्याकडं बघितलं. काय बघितलं तिनं माझ्या तोंडावर देव जाणे. म्हणाली, "भ्यालासा की." मग पोराला छातीशी धरून आली. पिराजी तिथंच राहिला. उद्या इथंच येऊन थांबतो म्हणाला.

वाडी खाली दिसायला लागली. काट्यांचं कुंपण दिसलं, माणसं दिसली. आता काय ते ठरवणं भाग होतं. मी वाटेतच बसलो. गळ्यातला दोरा वर केला. लहानपणी अय्यांनी, आमच्या जंगम गुरूंनी, बांधलेलं लिंग, त्या दिवसापासून आजतागायत अंगावेगळं केलं नव्हतं. लिंग गेलं की प्राण गेला, हेच ऐकत वाढलो. ते काढलं. ताजबीला म्हटलं, ह्याच्या गळ्यात घालू का? तू माझी गडहिंग्लजकडची आतेबहीण शिवम्मा. हे आमच्यातलं पोर.

तिनं लिंगाला बोट लावून पाहिलं. वाटलं, आता परत फिरते. मग म्हणाली, "घाला. पर दगड गार हाय, फडक्यावरनं घाला." चंबूतल्या पाण्यात विभूती कालवून तिनं स्वतःच कपाळाला पट्टे ओढले. "शिवम्मा तर शिवम्मा."

कुंपणापाशी मावा काठी घेऊन उभे. खांद्यावर घोंगडं, भुवया कपाळात. "पेटी बाहीर ठिवा म्हटलं हुतं मी."

मी एका दमात सगळं सांगितलं. वासराची लस नाही, मनुष्याच्या पोराची आहे, आपल्यातल्या पोराची, ही आतेबहीण शिवम्मा, तिच्या पोराची, बघा, गळ्यात लिंग. त्यांनी पोराकडं बघितलं. लिंगाकडं बघितलं. ताजबीकडं बघितलं. तेवढ्यात हे सगळं ऐकत चन्नम्मा नीलव्वाला घेऊन पळत आली. माझ्याकडं एक नजर टाकली, आणि त्या बाईनं – आयुष्यात कधी न बघितलेल्या ताजबीला – "शिवम्मक्का! किती दिसांनी गं!" मी थक्क! बायकांना कोण शिकवतं हे?

बसवण्णाच्या देवळापुढं पिंपळाखाली बसलो, कुणाच्या उंबऱ्याच्या आत नाही. पोरं घेऊन माणसं जमली, पण लांब, कुजबुजत. कुणी पुढं येईना. मी द्रोण काढला. फोड भरलेले, मोत्यासारखे, मधे खळगा. नस्तर लावलं तसा ख्वाजा किंचाळला. ताजबी त्याला चुचकारत होती, मागं कोण काय बोलत होतं काही ऐकलं नाही. मला फक्त नस्तराचं टोक दिसत होतं, त्यावरचा थेंब. आणि मावांनी चन्नम्माच्या कडेवरून नीलव्वाला काढून घेतलं, सगळ्यांच्या पुढं येऊन तिचा दंड माझ्यासमोर धरला. "टोचा."

लिंगाचा प्रताप! मनात हसलो. म्हातारा फसला.

मग रांगच लागली. लस पुरली. शेवटच्या पोराला नुसता ओलावा मिळाला असेल, पण मिळाला.

ता. १०, शुक्रवार.

ताजबी गेली. ठरलं होतं, परडीच्या अलीकडं लिंग काढून घ्यायचं. पण मावा शिदोरीचं गाठोडं घेऊन आमच्याबरोबर निघाले, थेट पिराजीपर्यंत! कितीही म्हटलं तरी परतेनात. परडी रातोरात जनावरानं विस्कटली होती, वाट मोकळी झाली होती. मावांच्या देखत लिंग कसं काढणार? ख्वाजा गळ्यात माझं लिंग घेऊन धुक्यात दिसेनासा झाला. ताजबीनं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मला इथंच राहायला हवं. दंड बघायला हवेत. आणि नीलव्वा.

ता. ११, शनिवार.

पूजेची वेळ आली. आंघोळ करून सगळे लिंग तळहातावर घेऊन बसतात, पूजा झाल्याशिवाय ह्या घरात घास कुणी खात नाही. काल उपवास सांगून वेळ मारून नेली. आज ओढ्यातून एक काळा खडा आणलाय. विभूतीनं माखला, बेलाचं पान ठेवलं, वरून दुसऱ्या हातानं झाकला. मावा शेजारी. कळलं तर? अय्यांना बोलावतील, वाळीत टाकतील, चन्नम्माला आणि पोरीला इथंच ठेवून घेतील. आणि वाडीला कळलं तर पोरांचे दंड शेणानं पुसून काढतील, राख लावतील, काय नाही करणार?

चन्नम्मा ताटं वाढताना म्हणाली, "अहो, जरा बेतानं. खडा मोठा हाय."

ता. १२, रविवार.

धोंडुबाईचं पोर गेलं. भिंतीपलीकडून दिवसभर तिचा आवाज येतोय.

ता. १४, मंगळवार.

नीलव्वाच्या अंगात ताप.

लसीचा ताप असतो, ह्याच सुमारास येतो, हे मी रोज लोकांना सांगतो. बयेचा तापही असाच सुरू होतो, हे कुणाला सांगत नाही. दंडावर लाल ठिपके आलेत, पण बारीक. बाकी अंग सारखं तपासतोय. चन्नम्मा चिडली. "तिला निजू द्या, काय सारखं उघडताय!" मावा उंबऱ्यात बसून आहेत. दुकान उघडलं नाही. मी टोचलं म्हणून झालं असं म्हणतील ह्याची वाट बघतोय. अजून म्हणाले नाहीत.

मला त्या परडीची भीती वाटते. झाली लिहून.

ता. १५, बुधवार.

ताप तसाच. पूजेत खडा हातातून निसटला, घरंगळत मावांच्या पायापाशी गेला. मी झडप घालून उचलला. त्यांनी डोळे मिटलेले होते. बहुतेक.

ता. १७, शुक्रवार.

फोड भरला! दोन्ही. गोल, टपोरे, मधे खळगा, अगदी ख्वाजाच्या दंडावर होते तसेच. ताप उतरला. अंगावर दुसरीकडं कुठं काही नाही, पायाच्या बोटांपर्यंत पाहिलं. वाडीतल्या बाकी पोरांचे दंडही धरलेत. एकही पोर नव्यानं आजारी पडलं नाही.

गोठ्यात जाऊन रडलो. चन्नम्मानं बघितलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून माझ्याजवळ उभी राहिली. जिंकलो! म्हाताऱ्याला चकवलं आणि पोरगी वाचवली. खड्याची पूजा जन्मभर करावी लागली तरी करीन.

ता. १८, शनिवार.

पूजेला बसलो होतो. मावा समोर येऊन बसले. म्हणाले, "जावई, त्यो खडा आता वढ्यात टाका."

मी मूठ घट्ट मिटली.

"पोरगं किचाळलं तवा त्येची आई 'या अल्ला' म्हनली. मी शेजारीच उभा हुतो. मागनं कुजबूज सुरू झाली, म्हनून नीलव्वाला घिऊन म्होरं आलो. शंकरप्पाच्या नातीला टोचलं म्हटल्यावर कोन तोंड उघडतंय?"

मावा, तुम्हाला कळलं होतं आणि तरी –

"तरी काय? पोरगी खेळतीया न्हवं?"

त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. परवा पिराजीला आजऱ्याला ताजबीच्या घरी त्यांनीच पाठवलं होतं. आतून पिंजलेल्या कापसाचा गोळा निघाला. तो त्यांनी आपल्या तळहातावर उलगडला. आत माझं लिंग. दोन्ही हातांनी माझ्या गळ्यात बांधलं आणि म्हणाले, जाऊन आंघोळ करा.

कापूस मात्र टाकला नाही. झाडून नीट घडी घातला आणि चन्नम्माला दिला. नातीच्या कुंचीत भर म्हणाले.